रस्त्याची उंची कोणी मोजायची?

रस्त्यांविषयी आपल्याकडे बोलणे होते ते लांबी आणि रुंदीच्या भाषेत. किती किलोमीटर झाले, किती पदरी झाले, किती कोटी लागले, हे आकडे मंत्र्यांच्या भाषणांत येतात आणि दुसऱ्या दिवशी छापूनही येतात. रस्त्याला उंचीही असते, त्याच्यावरच्या मोकळ्या जागेला कोठे ना कोठे मर्यादा पडते, हे मात्र एखादे वाहन पुलाखाली अडकून वाहतूक खोळंबली म्हणजेच ध्यानात येते. त्यानंतरची प्रतिक्रियाही ठरलेली असते: चालकाला दिसत नव्हते काय? हा प्रश्न गैर नाही. पण तो पहिला प्रश्न नव्हे.

२०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या अहिल्यानगर जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या पिढीत या जिल्ह्याच्या उत्तर भागाचे अर्थकारणच उसाभोवती फिरू लागले. ऊस ही अशी वस्तू आहे की ती गाडीच्या साट्यात मावत नाही. ती वर रचावी लागते. त्यात दौंड-मनमाड लोहमार्ग राहुरी, श्रीरामपूर, पुणतांबे, कोपरगाव असा नेमका ऊसपट्ट्यातून जातो. म्हणजे उसाच्या गाडीला कोठे तरी रूळ ओलांडावेच लागतात; एक तर फाटकातून, नाही तर पुलाखालून.

आता नियमांचे आकडे पाहा. मालवाहू वाहनाची कमाल उंची १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३.८ मीटर होती. २०२० च्या दुरुस्तीने ती ४ मीटर झाली. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गावरील फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर जी आडवी लोखंडी कमान असते, रेल्वेचे लोक जिला 'हाइट गेज' म्हणतात, ती ४.६७ मीटरवर असते. रुळांवरची तार फाटकापाशी किमान साडेपाच मीटरवर. रस्ता ओलांडणारी विजेची साधी तार ५.८ मीटरच्या खाली येऊ नये आणि उच्च दाबाची ६.१ मीटरच्या खाली येऊ नये, असाही नियम आहे. कागदावर ही उतरंड मोठी शहाणपणाची आहे. कमान आणि रेल्वेची तार यांच्यामध्ये सुमारे ८३ सेंटिमीटर अंतर राखले आहे, ते उगाच नव्हे. २५ हजार व्होल्टची तार स्पर्शाची वाट पाहत नाही. जवळ गेलेल्या वस्तूकडे ती स्वतःच झेप घेते. अशा ठिकाणची लोखंडी कमान ही चालकाची वैरीण नसून त्याची राखणदार आहे. तिला धडकून चार मोळ्या खाली पडल्या तर नुकसान मोळ्यांचे होते, माणसाचे नाही.

परंतु सर्वच कमानी इतक्या प्रामाणिक नसतात. ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपविण्यात आली. ज्या फाटकांवर दरवर्षी माणसे मरत होती ती नाहीशी झाली, याचे श्रेय रेल्वेला दिलेच पाहिजे. मात्र त्यांपैकी अनेकांच्या जागी जे आले त्याचे रेल्वेच्याच परिभाषेतील नाव 'मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग' असे आहे. काँक्रीटची चौकट एकदा रुळांखाली सरकविली की त्या वाटेने पुढची पन्नास-साठ वर्षे काय जाऊ शकेल आणि काय जाऊ शकणार नाही हे ठरून जाते. जेथे ही चौकट साडेतीन-पावणेचार मीटरची आहे, तेथे नियमाच्या मर्यादेत राहून चार मीटरपर्यंत भरलेला ट्रकही जात नाही. म्हणजे एका खात्याने कायदेशीर ठरविलेले वाहन दुसऱ्या खात्याने अडविले. त्या ट्रकने मग किती मैलांचा वळसा घ्यायचा आणि त्याचे डिझेल कोणाच्या खिशातून जायचे, हा हिशेब भुयारी मार्गाच्या अंदाजपत्रकात कोठेच येत नाही.

शिवाय फलकावर लिहिलेला आकडा हा कायम खरा राहत नाही. दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो. जुना खरवडून काढण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. खालचा रस्ता वर येतो, वरची तुळई जागेवरच राहते आणि रंगवलेला आकडा जुनीच ग्वाही देत राहतो. उताराच्या रस्त्याने भुयारात शिरणाऱ्या लांब वाहनाची गोष्ट आणखी निराळी. पुढची चाके चढाला लागलेली, मागची अद्याप उतारावर, अशा स्थितीत त्याचा मधला भाग सखल रस्त्यापासून उचललेला राहतो आणि सपाटीवर मोजलेली उंची तेथे निरुपयोगी ठरते. भरलेली गाडी स्प्रिंगांवर दबलेली असते. माल उतरवून परतताना तीच गाडी थोडी वर उठते. सकाळी निभावून गेलेला ताडपत्रीचा सांगाडा संध्याकाळी घासतो, तो याच कारणाने. आपल्या चालकांना हे अनुभवाने ठाऊक असते. फलक रंगविणाऱ्या कार्यालयाला ते ठाऊक असते की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे वजनाचे काम उंचीवर सोपविणे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील पूल वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या आणि राज्यभर जुन्या पुलांविषयी भीती निर्माण झाली. ती रास्तच होती. कमकुवत पुलावरची जड वाहतूक बंद करावी, हेही रास्त. पण त्यासाठी पुलाच्या तोंडाशी आडवी लोखंडी तुळई ठोकण्याचा जो सोपा उपाय आपल्याकडे सर्रास योजला जातो, त्यात एक तर्कदोष आहे. वाळूने काठोकाठ भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली ठेंगणी असते आणि पुलाला खरा धोका तिचाच असतो. ती तुळईखालून आरामात निघून जाते. कडब्याची गाडी उंच असते पण वजनाला हलकी, ती अडते. आणि तीन मीटरहून उंच असलेली एस.टी.ची बसही अडते. मग जिच्या भरवशावर पंचक्रोशीतली मुले तालुक्याच्या शाळेत जातात ती गाडी अलीकडच्या फाट्यावरूनच माघारी वळू लागते. दीड-दोन मैल पायपीट करून येणाऱ्या मुलीचे शिक्षण चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय तिच्या घरात होतो. पण त्या निर्णयाचे मूळ पुलावरच्या तुळईत असते. पूल दुरुस्त करावयाला पैसे लागतात, तुळईला वेल्डिंग करणारा एक माणूस पुरतो. तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय वर्षानुवर्षे तसाच राहतो, तो या स्वस्ताईमुळेच.

आजवर हे सारे निभावून गेले, कारण या रस्त्यांवरचा चालक बहुधा परिसरातलाच असे. कोणत्या पुलाखालून काय जाते, कोणत्या वळणावर वडाची फांदी खाली आली आहे, हे ज्ञान चहाच्या टपरीवर एकाकडून दुसऱ्याकडे जाते. परक्या माणसाला ते मिळणार कोठून? राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरचे घर घेऊन भंडारदऱ्याला यावे, शिर्डी करावी, शनिशिंगणापूर करावे, नगरचा किल्ला पाहावा, अशी अपेक्षा असेल तर ती चांगलीच आहे. पण असे वाहन चालविणारा पुष्कळदा एरवी मोटारगाडी चालविणारा गृहस्थ असतो. डोक्यावर छप्पर, छपरावर वातानुकूलन यंत्राची पेटी, तिच्यावर कदाचित सौरपट्ट्या असे ओझे आपण वाहत आहोत, याची त्याच्या हातांना सवय नसते. त्याने आपल्या वाहनाची उंची पेटीसकट टेपने मोजून समोरच्या काचेपाशी लिहून ठेवावी, पुढचा ट्रक गेला म्हणून आपणही जाऊ असे समजू नये, शंका आली तर खाली उतरून पाहावे. एवढे त्याच्याकडून मागता येईल. पण गावोगावच्या स्वागत कमानींचे त्याने काय करावे? त्या कमानीवर ती कोणाच्या स्मरणार्थ व कोणाच्या निधीतून उभारली ते हातभर अक्षरांत लिहिलेले असते. तिची उंची लिहिलेली कमान शोधावीच लागेल. नगर शहरातला दिल्ली दरवाजा किंवा माळीवाडा वेस बांधणाऱ्यांनी निदान आत कोण येणार याचा विचार करून कमान बांधली असेल.

दोष चालकाचाच, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील डरहॅम या शहराची हकीकत लक्षात घ्यावी. तेथील एका रेल्वे पुलाखालची जागा ११ फूट ८ इंच, म्हणजे सुमारे ३.५६ मीटर होती. फलक होते, चमकणारे दिवे होते. तरी भाड्याने घेतलेले ट्रक त्याला धडकून छप्पर सोलून घेत. २०१६ मध्ये उंच वाहन ओळखून सिग्नल तांबडा करणारी यंत्रणा बसविली, तरी धडका थांबल्या नाहीत. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये रेल्वेने पूलच आठ इंचांनी उचलला. त्यानंतरही अधूनमधून ट्रक धडकतात, हे खरे. पण सूचना देऊन भागत नाही तेव्हा रचना बदलावी लागते, हे तेथे मान्य झाले.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका नाही. माल ठरलेल्या उंचीबाहेर भरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अन्वये वीस हजार रुपये दंड आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे वा देखभालीमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले तर ठेकेदार, सल्लागार व संबंधित यंत्रणा यांनाही एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिला दंड रस्त्यावर उभा असलेला अधिकारी लगेच करू शकतो. दुसऱ्यासाठी आधी कोणाचा तरी जीव वा हातपाय जावा लागतो आणि मग खटला चालावा लागतो. ओझे कोणाच्या खांद्यावर आहे ते यावरून दिसते.

हे ओझे थोडे वाटून घेण्यास फार पैसा लागणार नाही. उंचीचा फलक पुलावर असून उपयोग नाही. ज्या फाट्यावरून गाडी अजून वळविता येते तेथे तो हवा आणि पर्यायी वाट कोणती तेही त्यावर हवे. तुळईच्या बऱ्याच अलीकडे त्याच उंचीवर लोंबत्या साखळ्या लावल्या तर छपराला आवाज होईल, छप्पर फाटणार नाही. डांबराचा थर पडल्यावर उंची पुन्हा मोजून नवा आकडा रंगविल्याशिवाय ठेकेदाराचे अखेरचे देयक निघू नये. पुलाला वजनाची भीती असेल तर तेथे वजनाचा फलक आणि वजनाची तपासणी असावी आणि एस.टी.पुरती तरी वाट मोकळी राहावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीला रेल्वे, सार्वजनिक बांधकाम खाते, जिल्हा परिषद आणि वीज कंपनी यांच्याकडून जिल्ह्यातील अशा प्रत्येक जागेचा आकडा मागविता येतो. ती यादी गाळप सुरू होण्याच्या महिनाभर आधी कारखान्यांच्या गेटवर आणि एस.टी.च्या आगारांत लागली पाहिजे.