फिशटँकमधला दिवा कुणासाठी?

घरात फिशटँक आणायचा ठरला की हट्ट मुलांचा, पैसे बाबांचे आणि काच घासायचं काम आईचं, ही वाटणी जवळजवळ ठरलेलीच. त्यातून खरी झाडं लावायची हौस असेल, तर दुकानातून सोबत भलामोठा दिवा येतो. थोड्याच आठवड्यांत काचेवर हिरवा थर, पानांवर दोऱ्यांसारखं शेवाळ. मग ऐकून घ्यायचं, 'अगं, पाणी वेळेवर बदललं नाहीस का?' पाणी बिचारं काय करणार! पुष्कळदा दोष असतो डोक्यावरच्या दिव्याचा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की जी टँक साफ करते तिनेच दिवा निवडावा.

झाडांना उजेड लागतो हे खरं, पण नुसता उजेड पुरत नाही. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि खतंही त्या बेताने हवीत. तांदूळच मूठभर असतील तर आच मोठी करून भात वाढत नाही, उलट करपतो. इथेही तसंच. झाडांना वापरता येत नाही तो उजेड शेवाळ आनंदाने वापरतं.

जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांच्या हिरव्यागार टँकचे फोटो पाहून अनेकांना तसंच काहीतरी हवं असतं. पण त्या प्रखर दिव्यांमागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर होता, मोजून घातलेली खतं होती आणि सतत चालणारी कात्रीही होती. फोटोत हे दिसत नाही! घरचा सिलिंडर लावताना नाकी नऊ येतात, त्यात माशांसाठी आणखी एक कुठे सांभाळायचा?

मला त्यापेक्षा डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंची रीत पटते. त्यांचं 'इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक १९९९ साली आलं. वाळूखाली साधी माती, भरपूर झाडं आणि कमीत कमी उठाठेव. दुपारी काही तास दिवा बंद ठेवा, म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा भरून येतो, असं त्या सांगतात. थोडक्यात, झाडांचीही वामकुक्षी!

आता दुकानात काय बघायचं? रिमोटवर रंग बदलणारा दिवा पाहुण्यांसाठी. निळाशार दिवा समुद्री प्रवाळांच्या टँकचा. आपल्याला हवा पांढरा, दिवसासारखा उजेड. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं, ते चालतं. वॅटवरून हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यात होत असे. एलईडीच्या बाबतीत ल्युमेन बघावेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये ५०-५५ लिटर पाणी मावतं. लिटरला वीसएक ल्युमेन धरले तर हजारभर ल्युमेन झाले. दोन फुटी, दहा वॅटची एलईडी पट्टी साधारण तेवढा उजेड देते. रोज सात तास लावली तरी महिन्याला जेमतेम दोन युनिट वीज.

'ताई, एवढ्याशा दिव्यात झाडं मरतील,' असं दुकानदार म्हणेलच. त्याला विचारावं, कुठली झाडं? लालभडक पानांची, गालिच्यासारखी पसरणारी नखरेल झाडं मरतीलही. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन मजेत जगतात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांतल्याच आहेत. जावा फर्न आणि अनुबियासचा कंद मात्र वाळूत पुरू नये, कुजतो. दगडाला दोऱ्याने बांधून टाकावा.

टँक खिडकीच्या उन्हात नको. प्लगला टायमर लावावा, सुरुवातीला सहाच तास पुरेत. सकाळी दोन आणि संध्याकाळी सगळे घरी असतात तेव्हा चार, असे वाटून दिले तरी चालतं. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवावं. पाहुणे म्हणतील, 'टँकमध्ये जरा अंधारच वाटतो, नाही?' वाटू दे.