रिपोर्ट आपल्या रक्ताचा, मग भाषा आपली का नाही?

परवा रात्री दहाला शेजारच्या काकू मोबाईल घेऊन आल्या. "बघ रे, लाल आलंय. काही वाईट तर नाही ना?" फुल बॉडी चेकअपचं पॅकेज, साठ तपासण्या, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. सगळं इंग्रजीत.

लाल काय होतं? मोनोसाइट्स 10.4 टक्के, मर्यादा 10. बस्स. आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.3. ती मात्र काळ्या अक्षरात! 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, हे खाली बारीक इंग्रजीत. काकू घाबरल्या नको त्याला, आणि खरं लक्ष द्यायचं तेच राहिलं.

मंडळी, ‘नॉर्मल’ मर्यादा साधारण अशी ठरते: 100 निरोगी माणसांतले 95 जण आत बसतात, 5 धडधाकट असूनही बाहेर. म्हणजे साठ तपासण्या केल्या की ठणठणीत माणसाच्याही दोन-तीन गोष्टी सहज लाल येऊ शकतात. तपासण्या वाढवल्या की लाल वाढतं, लाल वाढलं की भीती, आणि भीतीवर पुढचं पॅकेज खपतं.

निदान डॉक्टरांनीच करावं, त्यात वाद नाही. पण आपलाच आकडा समजायला वेगळी फी का मोजायची? पैसे घेताना मराठी येते, रिपोर्ट देताना कुठे जाते?

आकड्यापुढे मराठीत एक ओळ लिहा, एवढीच मागणी आहे. आणि तुम्ही जुना रिपोर्ट फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवून बघा, नुसता लाल रंग नको.

पुढच्या वेळी रक्त देण्याआधीच लॅबवाल्याला विचारा: रिपोर्ट मराठीत देणार का?