मिनिटाला साठ शब्द

तिसरीतील मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. ते योग्यच आहे. परंतु धडा पूर्ण समजूनही पहिल्याच अक्षरावर अडणाऱ्या मुलाचे काय? घड्याळ त्याचे अडखळणे मोजते, आकलन नव्हे.

जिल्ह्यात काम करीत असताना एक दांपत्य अशाच मुलाला घेऊन मला भेटले होते. वेखंड चाटवून झाले होते, नवस झाले होते, ‘हमखास गुण’ देणाऱ्या जाहिरातीपायी पैसेही गेले होते. ‘मुलाला कोठे न्यावे, एवढे सांगा,’ इतकेच त्यांचे मागणे होते. माझ्या कार्यालयाला तेही सांगता आले नाही.

अडखळणे बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होते. सुमारे पाच टक्के मुलांना ते कधी ना कधी जाणवते. बहुतेकांचे आपोआप थांबते आणि प्रौढांत हे प्रमाण सुमारे एक टक्का उरते. मात्र कोणाचे थांबेल, हे आधी नेमके सांगता येत नाही. म्हणूनच ‘मोठेपणी जाईल’ हा दिलासा अर्धसत्य ठरतो. याचे मूळ मेंदूची जडणघडण आणि आनुवंशिकता यांत आहे. आईवडिलांचे संगोपन त्यास कारण नव्हे.

उपचारात मात्र आईवडिलांचा वाटा मोठा आहे. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत तज्ज्ञ पालकांना शिकवतो आणि पालक घरी रोज मुलाच्या सुरळीत बोलण्याला दाद देतात. तिचा उपयोग २००५ मधील नियंत्रित चाचणीत दिसून आला. नेदरलँड्समधील २०१५ च्या अभ्यासात, मुलावरील बोलण्याचा ताण हलका करणारी दुसरी पद्धतही अठरा महिन्यांनंतर जवळजवळ तितकीच गुणकारी ठरली. दोन्ही अभ्यास शाळापूर्व वयातील मुलांचे होते. उपचाराची योग्य वेळ अंगणवाडीचीच आहे.

आपल्याकडे नेमकी तीच वेळ निसटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा दिव्यांगत्वाला स्थान दिले, हे मोठे पाऊल होते. परंतु त्याची व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या दिव्यांगत्वाची आहे. स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात ही तिच्यातील उदाहरणे. चार वर्षांच्या मुलाचे अडखळणे कायमचे आहे, असे कोण लिहून देणार? आणि ते कायमचे ठरेपर्यंत थांबायचे, तर उपचाराचा काळच सरतो.

यासाठी नवी योजना नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून आहेत आणि अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. त्यांच्या यादीत भाषाविकासातील विलंब आहे. तेथेच अडखळण्याविषयी पालकांना एक प्रश्न विचारावा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या आकृतिबंधात वाचाउपचारतज्ज्ञाचे पद आहे; ते प्रत्यक्षात भरावे. दूरच्या तालुक्यांतील पालकांना म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेसारख्या संस्थांनी दृक्‌श्राव्य माध्यमातून त्यांच्याच भाषेत मार्गदर्शन करावे. आणि अडखळणाऱ्या मुलाचे वाचन तपासताना शिक्षकाने घड्याळ बाजूला ठेवावे.

प्रत्येक मूल सुरळीत बोलू लागेल, अशी हमी कोणतीही पद्धत देत नाही. जो देतो, त्याच्यापासून सावध राहावे. शासनाकडून अपेक्षा हमीची नाही. त्या दांपत्याच्या प्रश्नाला प्रत्येक जिल्ह्यात एका पत्त्याचे उत्तर असावे, एवढीच आहे.