बोट वाचले, पण वाकते काय?

पॉवर प्रेसखाली हात सापडला की भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पहिला प्रश्न येतो तो, बोट राहिले की गेले, हा. राहिले असेल तर प्रकरण मिटले असे मालक मानतो आणि दुर्दैवाने युनियनही मानते. वास्तविक कामगाराच्या हाताचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

बोट सरळ करणारी कंडरा मुळाकडील पेरावर पातळ पडद्यासारखी हाडाला लगटून असते. मोडलेले हाड जुळविण्यासाठी वरून छेद घेतला तर बहुधा ही कंडराच चिरावी लागते. आत धातूची पट्टी व स्क्रू बसविले की हाड पक्के होते. परंतु जखम भरताना कंडरा तेथे चिकटू शकते आणि बोट वाकेनासे होते. कडेने छेद घेतल्यास कंडरा पुष्कळशी वाचते. तिसरी रीत म्हणजे हाड न उघडता, क्ष-किरणांत पाहून कातडीतून बारीक तारा घालणे. तीन-चार आठवड्यांनी त्या उपसून काढता येतात, खर्चही थोडा. मात्र तारेच्या तोंडाशी पू होण्याची भीती असते आणि जुळणी पट्टीइतकी भक्कम नसते. हाडाचे अनेक तुकडे झाले असता पट्टीवाचून अनेकदा गत्यंतर नसते. तथापि महाग ते उत्तम, हा समज बोटाच्या बाबतीत टिकत नाही.

कोणतीही रीत पत्करली तरी बोट फार काळ जखडून ठेवले की ताठते. त्यासाठी लवकर सुरू केलेला व्यायाम हवा. रोज, अनेक वेळा, कित्येक आठवडे. रोजंदारी बुडणाऱ्या कंत्राटी कामगाराने तो कसा करावा? राज्य विमा योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो, पण आधी तेथे नाव असावे लागते!

१९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीने संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी, एक पेर गेल्यास ९ टक्क्यांनी घटते असे ठरविले. तुटलेले पेर असे मोजता येते. अर्धवट वाकणारे बोट मात्र त्या यादीत नव्हते; ते डॉक्टरच्या दाखल्यावर सोडलेले होते. म्हणूनच कार्यकर्त्यांनी प्रत्येक सांधा किती अंश वाकतो हे दाखल्यात लिहून घ्यावे, काही महिन्यांनी पुन्हा मोजून घ्यावे आणि विमा दवाखान्यात व्यायामतज्ज्ञ नेमण्याची मागणी लावून धरावी. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, ही मागणी तर या सर्वांच्या आधीची.