घरभाडें आणि आगगाडीचा पास

ज्यास जेथें परवडेल तेथें त्यानें राहावें, यांत कायद्यानें हात घालण्याचें कारण काय, असा प्रश्न आमचे कांहीं व्यापारी वाचक वारंवार करितात. प्रश्न वाजवी आहे. परंतु 'परवडेल' या शब्दाचा हिशेब ते पुरता मांडीत नाहींत. मुंबईंतील संसारी मनुष्य भाडें दोन ठिकाणीं भरतो: एक घरमालकास आणि दुसरें आगगाडीस. पहिल्याची पावती मिळते. दुसऱ्यांत पासाचे पैसे तेवढे दिसतात. जे तास डब्यांत उभ्यानें जातात ते कोणत्याच वहींत लिहिले जात नाहींत.

हा सिद्धान्त विल्यम अलोन्झो या अमेरिकन पंडितानें १९६४ सालीं आपल्या ग्रंथांत रीतसर मांडला. शहराच्या मध्यापासून दूर जावें तसतसें जागेचें भाडें उतरतें आणि जाण्यायेण्याचा खर्च चढतो. जेथें भाड्यांतील बचत प्रवासाच्या वाढत्या खर्चानें नेमकी खाऊन टाकली जाते, तेथें कुटुंब बिऱ्हाड करितें. विरार ते चर्चगेट हें अंतर सुमारें ६० किलोमीटर आहे. विरारास राहणारा कारकून वेडा नव्हे. त्यानें हाच हिशेब आपल्या मनाशीं केलेला असतो.

परंतु या सिद्धान्तानें एक गोष्ट गृहीत धरिली आहे, ती ही कीं, कुटुंबास बिऱ्हाड हालवितां येतें. नोकरी परळास असली तर परळास, ती सुटून अंधेरीस लागली तर अंधेरीस, अशी मोकळीक असेल तरच निवड या शब्दास कांहीं अर्थ आहे. आमच्या शहरांत ही मोकळीक बऱ्याच अंशीं कायद्यानेंच मारिली, आणि तो कायदा भाडेकऱ्याच्या कळवळ्यानेंच केलेला होता.

१९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण ठरविलें. युद्धकाळांतील टंचाई आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची गर्दी पाहतां तो उपाय त्या वेळीं अवश्यच होता. दोष कायदा करण्यांत नव्हता; अल्पमुदतीचा म्हणून केलेला तो कायदा पन्नास वर्षें मुदतीमागून मुदती वाढवून चालविण्यांत होता. मालकानें डागडुजी सोडली, कारण हातीं येणाऱ्या भाड्यांत ती निभेना; अखेर १९६९ सालीं जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचें काम सरकारास आपल्या शिरावर घ्यावें लागलें. भाडेकरीही खोली सोडीना. मुलगा बोरिवलीस कामास लागला तरी गिरगांवांतील खोलीस कुलूप राही, कारण ती गेली कीं तिच्यासारखी दुसरी मिळणें नाहीं. खोली हालेच तर ती पागडीनें हाले. पागडी घेणें हा गुन्हा होता, म्हणून पैसा हातोहात, रसिदीवांचून जाई. म्हणजे ज्याच्यापाशीं रोख रक्कम त्यासच खोली, आणि गरिबास कसारा किंवा विरार.

डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हीं प्रमाण-भाड्याचीं कलमें काळाच्या ओघांत अवाजवी व मनमानी झालीं आहेत असें म्हटलें; मात्र कायद्याची मुदत संपत आली होती, म्हणून तीं रद्द ठरविलीं नाहींत. पुढें १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडी कायदेशीर केली. रोगास प्रमाणपत्र देऊन रोगी बरा झाला असें ठरविण्याची ही रीत आम्हां वकिलांस चांगली परिचित आहे.

याच्या दुसऱ्या टोंकास अकरा महिन्यांचा परवाना-करार आहे. भाडेकरी कायमचा चिकटेल या भयानें मालक याहून अधिक मुदत देण्यास कचरतो. म्हणजे एकाच गल्लींत एक कुटुंब कधींच हालूं शकत नाहीं, आणि त्याच्या समोरचें कुटुंब दर अकरा महिन्यांनीं भांडींकुंडीं बांधून, दलालाची दलाली व नवी अनामत भरून, मुलांची शाळा संभाळीत हिंडतें. त्यांतही कोणी आडनांव विचारतो, कोणी धर्म विचारतो, कोणी स्वयंपाकघरांत काय शिजतें हें विचारतो. सोसायटीच्या नियमाचें नांव पुढें करून चाललेल्या या सोवळ्यास आम्ही अस्पृश्यतेचेंच नवें रूप मानतों. जेथें बाजारभाव भरण्यास तयार असलेल्या मनुष्यासही दार बंद होतें, तेथें निवडीच्या अर्थशास्त्राची गोष्ट कोणास सांगावी?

परिणाम शिरगणतींत दिसतो. २००१ सालीं मुंबई शहर जिल्ह्यांत ३३ लाख ३८ हजार माणसें होतीं, तीं २०११ सालीं ३० लाख ८५ हजार झालीं. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेला. मंत्रालय, उच्च न्यायालय आणि मोठ्या पेढ्या मात्र दक्षिणेसच आहेत. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ धांवत्या गाड्यांतून पडून प्रवासी मेले, तें याच हिशेबांतलें दुसरें भाडें होय.

परक्या सरकारानें १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें गिरण्यांच्या जवळ चाळी बांधिल्या. त्या खुराड्यांची स्तुति आम्ही करणार नाहीं. पण काम जेथें तेथें भाड्याचें घर, एवढें तरी त्या सरकारास कळलें होतें. स्वकीय राज्यांत १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वांटे महापालिका, गृहनिर्माण मंडळ व मालक यांत करावयाचे होते. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि गिरणीकामगारांच्या उंबऱ्यावर मनोरे उभे राहिले.

पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या मालकीची विस्तीर्ण जमीन आहे. तेथें विक्रीचीं घरें न बांधतां भाड्याचींच घरें बांधावीं, परवान्याची मुदत किमान तीन वर्षें करावी, आणि जुन्या खोल्यांचें भाडें वृद्धांस व विधवांस संरक्षण देऊन पायरीपायरीनें चढवावें, अशी आमची मागणी आहे. पेढीवाल्यांनीं तिला पाठिंबा द्यावा; दोन तास उभ्यानें येऊन गादीवर बसणाऱ्या गुमास्त्याच्या थकव्याची किंमत शेवटीं तेच भरीत असतात.