काळा धूर कुणाच्या खिशातून?

मृग लागला की आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक कृषी केंद्रावर आणि दुसरी गॅरेजवर. आमगाव असो, तिरोडा असो की अर्जुनी मोरगाव, बांधीत पाणी साचायच्या आत ट्रॅक्टर तयार पाहिजे म्हणून मालक मंडळी मिस्त्रीच्या मागे लागतात. ऑइल बदलणे, क्लच पाहणे, केजव्हीलच्या वाकलेल्या पट्ट्या ठोकून घेणे ही कामे असतातच. पण जाता जाता एक फर्माईश हमखास होते, "पंप थोडा वाढवून दे ना गा, मागच्या साली चिखलात गाडी दम तोडत होती." मिस्त्री पाना घेतो, डिझेल पंपाचे सील तोडतो, स्क्रू अर्धा फेर फिरवतो. इंजिन गुरगुरते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि मालक खूश होतो. धूर निघाला म्हणजे ताकद आली, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे.

तो अगदीच खोटा नाही, हे आधी सांगून टाकतो. स्क्रू फिरवला की ताकद थोडी वाढते. प्रश्न आहे तो किती डिझेलच्या मोबदल्यात वाढते हा. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात याहून बरीच जास्त लागते, कारण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला क्षणाचाही अवधी मिळत नाही. कंपनीने पंपाची मर्यादा बांधून वर सील लावलेले असते ते याच हिशेबाने. स्क्रू फिरवल्याने डिझेल वाढते, हवा वाढत नाही. हवा तितकीच येते, जितकी इंजिनाच्या आकारात आणि एअर क्लीनरमधून मावते. मग जादा डिझेल अर्धवट जळते. सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसाच आहे, पैसे देऊन भरलेला.

सगळेच बाहेर पडते असेही नाही. काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि इंजिन ऑइल पातळ करते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर खूश होऊ नये, वास घेऊन पाहावा. वरून उष्णता वाढते, हेड गॅस्केट जाते, पिस्टन आणि व्हॉल्व्ह खराब होतात. दोन हंगामांनी इंजिन उघडायची पाळी येते तेव्हा दोष नशिबाला किंवा कंपनीला दिला जातो.

पण चिखलात गाडी दम का तोडत होती, हा खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. आपल्याकडचे काम पाहा. उन्हाळी धान मे महिन्यात निघते. तोच ट्रॅक्टर दिवसदिवस मळणी यंत्रावर उभा असतो, चहूकडे भुसा आणि धूळ. एअर क्लीनरच्या वाटीतले तेल चिखलासारखे घट्ट होते. जाळीत भुसा अडकतो. मळणी संपली की ट्रॅक्टर थेट जून-जुलैच्या नांगरणी-चिखलणीला जुंपला जातो. इंजिनाचे नाक चोंदलेले, आणि आम्ही त्याला डिझेल जास्त पाजतो. ज्याला श्वास लागत नाही त्याला जेवण वाढण्यासारखाच हा प्रकार. एअर क्लीनर धुऊन, वाटीत खुणेपर्यंत नवे तेल भरायला अर्धा तास लागतो आणि खर्च अगदी किरकोळ. कितीतरी गाड्यांचा दम तेवढ्यावर परत येतो. हे काम फुकटासारखे आहे म्हणूनच बहुधा त्याची किंमत कुणाला वाटत नाही.

त्यानंतर नोझल. नोझलने डिझेल धुक्यासारखे फवारले पाहिजे. ते जर धारेने किंवा थेंबाने पडू लागले तर पंप न वाढवताही धूर निघतो. नोझल तपासायला टेस्टर लागतो, आणि पंपाची चारही पोटे सारखे डिझेल देतात की नाही हे मोजायला टेस्ट बेंच लागते. कानाने ऐकून पंप लावणारे मिस्त्री हुशार असतात, त्यांचा अनुभव आम्ही नाकारत नाही. पण कानाला मिलिलिटर कळत नाही.

आणखी एक खोड सर्रास दिसते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. रेडिएटरच्या जाळीत भुसा बसलेला असतो तो काढायचा सोडून! थर्मोस्टॅट गेला की इंजिन लवकर गरम होत नाही, आणि थंड इंजिन डिझेलही जास्त पिते आणि सिलिंडरही लवकर झिजवते. हा बदल करायला पाच मिनिटे लागतात, त्याची भरपाई वर्षानुवर्षे करावी लागते.

आता खिशाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर असणाऱ्यांपेक्षा ट्रॅक्टर भाड्याने लावणारे जास्त आहेत. बैलांची आणि हेल्यांची जोडी दारातून गेली, एकर-दीड एकरवाल्याला तासाच्या भाड्याशिवाय इलाज उरला नाही. काही ठिकाणी भाडे ठरते ते डिझेल कास्तकाराचे आणि ट्रॅक्टर मालकाचा, असे. अशा सौद्यात वाढवलेल्या पंपाचा धूर सरळ त्या एकर-दीड एकरवाल्याच्या पैशाने निघतो. त्याला ते कळतही नाही, कारण ट्रॅक्टरचे अ‍ॅव्हरेज विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. मोटारसायकल घेताना जो माणूस "किती देते?" हा पहिला प्रश्न करतो, तोच ट्रॅक्टरच्या बाबतीत गप्प बसतो.

ट्रॅक्टरचे अ‍ॅव्हरेज किलोमीटरवर नसते, एकरावर असते. मोजायला सोपे आहे. सपाट जागी गाडी उभी करून टाकी काठोकाठ भरावी, एक एकर काम करावे, परत तिथेच उभी करून मापाच्या डब्याने टाकी भरावी. जेवढे डिझेल मावले तेवढे एकराचे. हे आकडे वहीत लिहून ठेवले की पंप वाढवण्याआधी आणि नंतर काय झाले ते स्वतःच दिसेल. समजा ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास चालला आणि तासाला ५ लिटर डिझेल लागले, तर २,५०० लिटर झाले. त्यात नुसती दहा टक्के नासाडी धरली तरी २५० लिटर. लिटरला ९० रुपये धरा, साडेबावीस हजार रुपये झाले. थेंब थेंब गळणारा नळीचा जोडही हलका समजू नये. सेकंदाला एक थेंब, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर जाते.

ताकद कमी पडते म्हणणाऱ्याने चाकाकडेही पाहावे. चाक जागेवर फिरत असेल तर इंजिनात कितीही भरा, डिझेल चिखल घुसळण्यातच जाणार. झिजलेले टायर, वाकलेले केजव्हील, चुकीचा गिअर ही कारणे पंपापेक्षा जास्त वेळा खरी निघतात. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवली तर तेच काम कमी डिझेलमध्ये होते. मध्यप्रदेशातल्या बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. ट्रॅक्टर किती ताकदीला किती डिझेल खातो, हे तिच्या अहवालात छापलेले असते. शोरूमवाल्याला तो अहवाल मागावा. सीट किती मऊ आहे हे नंतर पाहता येईल.

मोटारसायकलवाल्यांचेही थोडे. कार्बोरेटरच्या काळात स्क्रूड्रायव्हरने मिश्रण पातळ करून अ‍ॅव्हरेज वाढवून देणारे चौकाचौकात होते. प्रमाणापेक्षा पातळ केले की इंजिन तापते, पिकअप जातो आणि चालवणारा रेस वाढवून वाचलेले पेट्रोल परत घालवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचे माप संगणक ठरवतो, तिथे फिरवायला तो स्क्रूच नाही. २०२५ मध्ये पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आणि अ‍ॅव्हरेज घटल्याची ओरड झाली. ती निराधार नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या दुचाकींना तीन ते चार टक्के घट धरली होती. म्हणजे पन्नास देणारी गाडी अठ्ठेचाळीस देईल. ही घट इंधनातली आहे, ट्यूनिंग करून भरून निघणारी नाही. "जुने अ‍ॅव्हरेज परत आणून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्याला तसे तोंडावर सांगावे. इंधनाच्या नळीला बांधायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली, त्यातल्या फारच थोड्यांनी थोडाफार फरक दाखवला. चाकात हवा बरोबर ठेवणे आणि चेन ताणून तेल देणे हे उपाय जुने आहेत, पण चालतात. आणि फटफट आवाजाचा सायलेन्सर लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कायद्याविरुद्ध गाडीत बदल केल्यास २०१९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. गिऱ्हाईक धूर मागते, तो धूर देतो. नाही दिला तर ते बाजूच्या गॅरेजवर जाते. म्हणून आमचे सांगणे कृषी विभागाला, हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राला आणि ज्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण आहे त्यांना आहे. बियाणे उगवणीची प्रात्यक्षिके तुम्ही घेता, तसे मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस ट्रॅक्टरसाठी द्या. एअर क्लीनर उघडून दाखवा, नोझल टेस्टरवर लावा, एकराचे डिझेल मोजून दाखवा. शिकणाऱ्या पोरांचेही हात वळतील. गॅरेजच्या मिस्त्रींनाही बोलवा, पाहुणे म्हणून नव्हे, शिकवायला आणि शिकायला.

पंप-नोझलचे काम करणाऱ्यांकडून कास्तकाराने एक चिठ्ठी मागावी. पंप किती मापावर लावला, नोझल किती दाबावर उघडते, तारीख आणि सही, एवढेच त्यावर असावे. पंपाला नवे सील बसवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि डिझेल आपले घालून ट्रॅक्टर भाड्याने लावणाऱ्याने सौदा ठरवतानाच विचारावे, "भाऊ, एकराला किती लिटर?"