घरच्या विजेवरचे वेल्डिंग

या सदरात आजवर पकड, करवत, ड्रिल अशा गरीब स्वभावाच्या हत्यारांच्या गोष्टी झाल्या. यंदा जरा धगधगीत विषय घेतो. निमित्त आमच्या भाच्याचे. त्याचा कारखाना बंद पडला. चाळिशीत नोकरीसाठी उंबरे झिजवण्यापेक्षा लहानसा गाळा भाड्याने घेऊन लोखंडी दारे, खिडक्यांच्या जाळ्या आणि गॅलरीचे कठडे करावेत, असे त्याने मनावर घेतले. ताईने पाटल्या मोडून पैसे हाती ठेवले. "मामा, मशीन तुम्ही पसंत करा," असे म्हणत तो माझ्याकडे आला. पाटल्यांचा पैसा म्हटल्यावर मी नेहमीपेक्षा अंमळ जास्तच चिकित्सा केली.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये कांडी जळून आखूड होत जाते आणि ठिणगीचे अंतर हातानेच सांभाळावे लागते. मिगमध्ये रिळावरची बारीक तार मोटार पुढे ढकलते. घोडा दाबला की तार बाहेर येऊन वितळते आणि रसाला हवा लागू नये म्हणून भोवती गॅसचे वेष्टण राहते. हे तंत्र १९४८ च्या सुमारास अमेरिकेत निघाले. पुढे १९५३ च्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइडसारखा स्वस्त वायू चालू लागला आणि ते लोखंडी कामात रुळले. आता इन्व्हर्टरमुळे ते यंत्र एका हाताने उचलण्याजोगे झाले आहे. नवशिक्याचा हात त्यावर लवकर बसतो, आणि नेमकी तिथेच गोम आहे. करंट कमी पडला तर तारेचा रस नुसता वर बसतो, खालचे लोखंड वितळतच नाही. जोड दिसायला पुरणाच्या करंजीच्या मुरडीसारखा सुबक! खिडकीच्या जाळीला ते एकवेळ चालेल. पण तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला कोणाचे तरी पोर रेलून उभे राहणार असते.

म्हणून पहिला प्रश्न करंटचा. पेटीवर ठळक अक्षरांत '२०० अँपियर' लिहिलेले असते. आता साधे गणित करू. मिगमध्ये २०० अँपियरला साधारण २४ व्होल्ट लागतात, म्हणजे ४८०० वॅट नुसते ठिणगीपाशीच हवेत. आपल्या घरातला मोठा प्लग १६ अँपियरचा. २३० व्होल्टला त्यातून फार तर ३६८० वॅट मिळणार, आणि त्यातलेही काही यंत्र स्वतःच गिळणार. तेव्हा १६ च्या प्लगवर शंभर-सव्वाशे अँपियर नीट मिळाले तरी भरून पावलो म्हणावे. दोन-तीन मिलिमीटरच्या चौकोनी पाईपला तेवढे पुरते. लांबलचक, बारीक वायरची एक्स्टेन्शन जोडली तर तेही मिळत नाही. वेटोळे तसेच ठेवून काम केले तर ती तापते ती वेगळीच.

दुसरे, 'ड्युटी सायकल'. तीस टक्के याचा अर्थ दहा मिनिटांत तीन मिनिटे काम आणि सात मिनिटे विश्रांती. हा आकडा कोणत्या करंटला आणि किती तापमानाला, हे जरूर विचारावे. चाळीस अंशांना मोजलेला आकडा खरा. वीस अंशांचा आकडा आपल्या वैशाखात पत्र्याच्या गाळ्यात काय कामाचा?

गॅसची तार की बिनगॅसची, यावर दुकानदार तासभर बोलतात. माझे मत थोडक्यात सांगतो. बिनगॅसच्या तारेच्या पोटातच औषध असते, त्यामुळे सिलिंडर वाहावा लागत नाही आणि उघड्यावर, वाऱ्यात काम होते. मात्र धूर फार, वर राख बसते ती ठोकून काढावी लागते आणि पातळ पत्र्याला भोके पडतात. गाळ्यात बसून करायच्या कामाला गॅसच बरा. यंत्र दोन्ही चालवणारे असावे आणि धन-ऋण टोके बदलण्याची सोय असावी, कारण बिनगॅसच्या तारेला बहुधा टॉर्च ऋण टोकाला लागते आणि गॅसच्या तारेला धन. झाकण उघडून तार ढकलणारी चाके पाहावीत. सांगाडा धातूचा असला तर उत्तम. पाच किलोचे रीळ बसते का, तेही पाहावे, कारण एक किलोच्या रिळातली तार किलोमागे महाग पडते. टॉर्चच्या तांब्याच्या टिपा जवळपास मिळत नसतील तर यंत्र कितीही गोंडस असो, घेऊ नये.

आम्ही नागदेवी स्ट्रीटवर गेलो ते पिशवीत तीन मिलिमीटरच्या पट्ट्या घेऊनच. पहिल्या दुकानदाराने कागदासारखा पातळ पत्रा जोडून दाखवला. आम्ही पट्ट्या पुढे केल्या. भाच्यानेच पूर्ण करंटवर काटकोनात जोड मारला, पट्टी शेगड्यात धरून हातोडा घातला, आणि जोड बिस्किटासारखा सुटला! दुसऱ्या दुकानात तीच तार, तोच हात. पट्टी वाकून आडवी झाली, जोड हलला नाही. हे दुसरे यंत्र बरेच महाग होते. भाचा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटले, "घे."

वर्षातून एकदा मोडकी खुर्ची जोडायची असेल त्यांनी मात्र यात पडू नये. रॉडचे छोटे यंत्र स्वस्त पडते आणि कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला त्याहून स्वस्त.

उरलेल्या पैशांत टोप, चामड्याचे हातमोजे आणि पोरेबाळे डोकावू नयेत म्हणून एक जाड पडदा घेतला. उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहिले तरी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. जस्ताचा मुलामा असलेला पाईप जोडायचा तर जोडाच्या आसपासचा मुलामा आधी काढून टाकावा, नाहीतर त्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. पंखा लावावा, पण तो जोडावर रोखू नये. धुराबरोबर गॅसही उडून जातो. तो बाजूला, धूर दाराकडे ओढील असा ठेवावा.